दोन डोळ्यांचे एका कागदावर

अमेरिकेतील मिल्वॉकी येथील डेव्हिड व्हाइट कंपनीने १९४७ साली सीटन रॉचवाइट यांच्या कल्पनेतून उतरलेला स्टीरिओ रिअलिस्ट कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्याच्या स्लाइडांची कागदावर छपाई हा विषय फारसा कोणाच्या गावी नव्हता. दर्शकयंत्राला डोळे लावावेत आणि आतल्या दिव्याच्या प्रकाशात दोन चित्रांचे एक सघन दृश्य होताना पाहावे, एवढेच त्यांचे प्रयोजन होते. परंतु भिंतीवर टांगल्यावाचून सुंदर वस्तू आपली झाली असे मनुष्यस्वभावाला वाटत नाही, आणि त्या हट्टापायी पुढील साठ वर्षे पुष्कळांनी पुष्कळ कागद वाया घालवला.

पहिली अडचण निव्वळ आकाराची. एन्लार्जर दोन इंची चौकटीच्या शिरस्त्याने घडवलेले, आणि ही स्लाइड चार इंच लांब. तेव्हा चौकट फोडून फिल्मचा तुकडा बाहेर काढणे आलेच. तो तुकडाही २३ गुणिले २४ मिलिमीटरचा, म्हणजे नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर चित्राच्या दोन-तृतीयांशाहून लहान. आठ इंची चौरस प्रत काढायची तर जवळजवळ नऊपट वाढ, आणि तीत धुळीचा कण खड्याएवढा दिसणार.

खरा पेच मात्र प्रकाशाचा होता. कोडॅक्रोम फिल्ममध्ये लख्ख ऊन आणि दाट सावली यांत जे अंतर मावते, ते कागदाच्या आवाक्याबाहेरचे. स्लाइडवरून आधी निगेटिव्ह करून मग छपाई करावी, तर अंतर आटोक्यात येई, पण मधल्या पिढीत रेखीवपणा झिजे. १९६३ साली आलेल्या सिबाक्रोम कागदाने ही मधली पायरी काढून टाकली. स्लाइडवरून थेट प्रत, रंग टिकाऊ आणि झळाळी अशी की ओला कागद पाहत आहोत असे वाटावे. मात्र तो कागद सावलीला सरसकट काळोखात लोटी. त्यावर तोड म्हणून जाणते छापकार स्लाइडला चिकटवून एक फिकट कृष्णधवल निगेटिव्ह तयार करीत व ते बिनचूक जुळवून दोन्हींतून प्रकाश सोडीत. एवढी यातायात सोसणाऱ्यालाच सिबाक्रोम प्रसन्न होई. बाकीच्यांनी त्याच्या नावाने खडे फोडले.

एक गोष्ट मात्र कोणत्याही रसायनाने सुटली नाही. दर्शकात जी फांदी मागच्या फांदीपासून हातभर सुटलेली दिसते, ती एकनेत्री प्रतीत तिलाच चिकटते. अरण्याचे जंजाळ होते. म्हणून निवड करताना एक डोळा मिटून पाहावे, आणि तरीही जी उभी राहील तीच स्लाइड छापावी. माझ्या मते छपाईची निम्मी विद्या एवढीच आहे.

३० डिसेंबर २०१० नंतर कॅन्ससमधील पार्सन्स येथील शेवटच्या प्रयोगशाळेने धुण्यासाठी कोडॅक्रोम स्वीकारणे थांबवले. जुन्या स्लाइडांच्या छपाईचा कारभारही आता स्कॅनरकडे आहे. पण धूळ हुडकणारा त्याचा अवरक्त किरण कोडॅक्रोमच्या गडद भागांनाच पुष्कळदा धूळ समजतो, म्हणून एकेक डाग हातानेच पुसावा लागतो. अशा वेळी जोडीतले दुसरे चित्र उपयोगी पडते: डाव्यावर ओरखडा असेल तर तेथले दूरचे आकाश उजव्याकडून उसने घेता येते, पुढ्यात उभ्या माणसाचे नाक मात्र घेता येत नाही, कारण ते दोन्हींत एकाच जागी नसते.