बंदुकीचा परवाना कुठल्या राज्यात सोपा?

ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे भाताच्या लोंब्यांत दाणा भरू लागला की रानडुकरांचे कळप रात्री शेतात उतरतात आणि त्यांच्या पाठोपाठ बंदुकीचा विषय निघतो. त्या बोलण्यात एक समज हमखास डोकावतो. आपल्याकडे परवाना मिळणे कठीण, पण अमुक राज्यात तो सहज मिळतो. तिकडचा पत्ता दाखवला, चार महिने भाड्याने खोली घेतली की काम होते. फार्महाउस बांधलेले शहरी लोक हे जास्त ठामपणे सांगतात, कारण त्यांच्या ओळखीत कुणाकडे तरी लांबच्या राज्याचा परवाना असतो. हा समज कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहेच, शिवाय ज्याला बंदुकीची खरी गरज आहे त्या शेतकऱ्याचे लक्ष तो भलतीकडे नेतो. भारतात बंदुकीच्या परवान्याचा कायदा राज्याच्या वेशीवर बदलत नाही. फरक पडतो तो जागेने: शेत कुठे आहे, जंगल किती जवळ आहे आणि अर्ज कुणाच्या टेबलावर जातो, यावर.

राज्य बदलून बंदूक मिळवण्याची कल्पना मुळात अमेरिकेची आहे, आणि तिथे ती खोटी नाही. शस्त्र बाळगण्याचा हक्क तिथल्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे, पण तो कसा वापरायचा याचे नियम राज्ये करतात. 2024 पर्यंत 29 राज्यांनी सार्वजनिक जागी शस्त्र जवळ बाळगण्यासाठी परवान्याची अटच काढून टाकली होती. उलट न्यू यॉर्कमध्ये ‘खास कारण’ दाखवल्याशिवाय असा परवाना मिळत नसे. ती अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2022 मध्ये रद्द केली. न्यू जर्सीहून टेक्सासला जाणाऱ्या माणसासाठी कायदा खरोखर बदलतो. आपल्याकडून गेलेल्या मराठी कुटुंबांना मात्र तिथेही एक अडसर आहे. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर संघराज्याच्या कायद्यानेच बंदूक बाळगता येत नाही, मग तो कुठल्याही राज्यात राहो.

भारताने ही वाट जाणूनबुजून घेतली नाही. लॉर्ड लिटनच्या काळातल्या 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या चौकटीत बांधले आणि युरोपीयांना मोकळे ठेवले, म्हणून काँग्रेसने त्याविरुद्ध वर्षानुवर्षे ठराव केले. 1931 च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. तरीही डिसेंबर 1948 मध्ये ह. वि. कामत यांनी संविधान सभेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेत घालण्याची सूचना मांडली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. शस्त्रे, बंदुका, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या सूचीत पाचव्या क्रमांकावर गेला. 1959 चा शस्त्र अधिनियम 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला तो सगळ्या देशासाठी एकच. बिहारची विधानसभा किंवा महाराष्ट्राची विधानसभा आपल्यापुरता सैल कायदा करू शकत नाही.

मग काय बदलते? परवाना देणारा अधिकारी बदलतो, आणि त्यासाठी राज्य ओलांडावे लागत नाही. ठाणे, कल्याण, भिवंडी या शहरांत हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. शहापूर आणि मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात, म्हणून तिथला अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. जिल्हा एकच, पण दारे दोन. यापेक्षा मोठा फरक जंगलाने पडतो, आणि तो फारसा कुणाला ठाऊक नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या 34 व्या कलमानुसार अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत कुणालाही नवा शस्त्र परवाना द्यायचा असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. हा अधिकारी नागपुरात बसतो. शहापूर तालुक्याचा मोठा भाग तानसा अभयारण्यात किंवा त्याच्या आसपास आहे. मुरबाडच्या पूर्वेला सह्याद्रीच्या कड्याखाली भीमाशंकर अभयारण्य लागते. तेव्हा तानसा तलावाजवळच्या पाड्यातल्या शेतकऱ्याची फाइल आणि दोन्ही अभयारण्यांपासून दूर असलेल्या मुरबाडच्या पश्चिमेकडच्या गावातली फाइल यांचा प्रवास सारखा नसतो, जरी दोघांचे तहसील शेजारी असले आणि दोघांच्या भातात तेच कळप शिरत असले तरी. जिथे डुक्कर जास्त तिथेच संमतीची पायरी एक जास्त. वन्यप्राण्यांच्या दृष्टीने या तरतुदीला अर्थ आहे, कारण अभयारण्याच्या कडेला बंदुका वाढल्या की चोरटी शिकार वाढण्याचा धोका असतो. पण तिची किंमत कोण मोजतो हेही पाहायला हवे.

शेतकऱ्यासाठी शस्त्र अधिनियमात एक तरतूद आहे, ती मात्र बहुतेक चर्चांतून निसटते. 13 व्या कलमात म्हटले आहे की पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर, 14 व्या कलमातली नकाराची कारणे लागू नसतील तर, तो द्यावा. इतर बहुतेक हत्यारांसाठी पुरेसे कारण पटवून द्यावे लागते. इथे कारण कायद्यानेच आधी मान्य केले आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही असे अधिकाऱ्याला वाटले तर तो त्याच कामासाठी काडतुसाची साध्या नळीची बंदूकही मंजूर करू शकतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्यावरून नकार देता येत नाही, हेही 14 व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. पोलिसांचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा आहे. म्हणजे एक-दोन एकर भात आणि नाचणी करणाऱ्या आदिवासी शेतकऱ्याला कायदा शहरातल्या बिल्डरपेक्षा वरची जागा देतो. पण त्याची पूर्वअट शेत आहे. सातबारा शहापूरमधल्या किन्हवलीचा आणि पत्ता परराज्याचा असे झाले की गरजच संपते. राज्य बदलणारा माणूस आपल्या अर्जातला सर्वांत बळकट मुद्दा स्वतःच्या हाताने खोडतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोकांनी परराज्यांतून परवाने मिळवलेच आहेत की. मिळवले आहेत. 2012 ते 2016 या काळात जम्मू-काश्मीरमध्ये सुमारे 2 लाख 78 हजार परवाने बेकायदा दिले गेल्याचा आरोप आहे. राजस्थान पोलिसांच्या तपासातून प्रकरण उघड झाले आणि पुढे सीबीआयकडे गेले. त्यात तिथे राहणारे म्हणून बाहेरच्या लोकांची नावे होती, सनदी अधिकारी आणि शस्त्रविक्रेते संशयाच्या फेऱ्यात आले. हा सैल कायद्याचा नमुना नाही, सैल दप्तराचा आहे. आता परवानाधारकांची राष्ट्रीय पातळीवर नोंद ठेवली जाते, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक असतो, आणि राहण्याचे ठिकाण बदलले तर जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणच्या अधिकाऱ्यांना कळवावे लागते. परवाना कोणत्या क्षेत्रात चालेल हे परवान्यावरच लिहिलेले असते. जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर, हे पाहून घेतले नाही तर परराज्यातून आणलेली कायदेशीर बंदूक मुरबाडच्या चौकीत बेकायदा ठरू शकते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कर्नाटकातल्या कोडगूत तर परवाना लागतच नाही ना? लागत नाही, पण ही सूट सगळ्यांसाठी नाही. कोडव समाज आणि जम्मा (वंशपरंपरागत) जमिनीचे धारक यांना ब्रिटिश काळापासून काही शस्त्रांबाबत सूट आहे. केंद्राने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. ही सूट वंशाला आणि जमिनीच्या हक्काला चिकटलेली आहे. कोडगूतल्या मडिकेरीत घर घेतले म्हणून ती मिळत नाही. केरळचे उदाहरणही पुन्हा पुन्हा दिले जाते. तिथल्या सरकारने मे 2022 मध्ये उपद्रवी रानडुकराला मारण्याचा आदेश देण्याचे अधिकार ग्रामपंचायत अध्यक्षांसारख्या स्थानिक प्रमुखांना दिले, आणि हे काम परवानाधारक नेमबाजांकडून करून घ्यायचे ठरले. नीट पाहिले तर केरळने बंदुका सोप्या केल्या नाहीत. परवाना त्याच केंद्रीय कायद्याने मिळतो. फक्त डुक्कर मारायचे की नाही हा निर्णय गावाजवळ आणला. ‘सोपे राज्य’ म्हणायचेच असेल तर ते या अर्थाने, आणि आपण मागायला हवे ते नेमके हेच.

कारण सर्वांत अवघड आक्षेप शेतकऱ्याचाच आहे: कायदा ठासणीची बंदूक देतो म्हणता, पण डुक्कर आज रात्री येतेय, आणि बंदूक हातात आली तरी मारायची परवानगी कुठे आहे? हे खरे आहे. शस्त्र परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव कायद्याच्या 11 व्या कलमाने स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने केलेली हत्या गुन्हा ठरत नाही. ही सवलत उभ्या पिकाला नाही. पिकासाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. अशा परवानगीशिवाय मारता यावे म्हणून 2015-16 मध्ये बिहारने नीलगाय आणि रानडुकरासाठी, उत्तराखंडने रानडुकरासाठी केंद्राकडून ठरावीक काळापुरती उपद्रवी प्राण्याची अधिसूचना मिळवली होती. परवानगी किंवा अधिसूचना हाती नसेल तर शेतातली बंदूक बहुतेक वेळा फक्त बार काढून कळप हुसकायच्या कामाची. तेही काम कमी महत्त्वाचे नाही. रात्रभर माळ्यावर बसून डबे वाजवणाऱ्याला विचारा.

त्यात निवडणुकांची भर पडते. आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. विधानसभेच्या मतदानाच्या तारखा पाहा: 15 ऑक्टोबर 2014, 21 ऑक्टोबर 2019, 20 नोव्हेंबर 2024. तिन्ही वेळा आचारसंहितेचा काळ आणि भात पिकून कापणीला येण्याचा काळ एकमेकांवर आले. ज्या महिन्यात शेतसंरक्षणाची बंदूक उपयोगी, त्याच महिन्यात ती पोलीस ठाण्याच्या कपाटात. कोणाचे शस्त्र जमा करायचे हे छाननी समितीने ठरवायचे असते. सरसकट जमा करून घेणे हा सोपा मार्ग आहे, योग्य नव्हे. पीकरक्षणाच्या ठासणीच्या बंदुका या समितीपुढे वेगळ्या मांडायला कुठलाही कायदा बदलावा लागत नाही.

बंदुका वाढल्या की अपघात, भांडणे आणि शिकारही वाढते, म्हणून त्या कमीच असाव्यात, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. रिकाम्या फार्महाउसमधल्या कपाटात बंदूक ठेवण्याचे समर्थन करणे तर कठीणच आहे. घरफोडीत पैशाआधी तीच जाईल. पण गरज तपासून, शेताशी बांधून दिलेला परवाना आणि पैसे मोजून परराज्यातून आणलेला परवाना यांत कायद्याच्या मूळ हेतूला धरून पहिलाच आहे. आज अवघड तोच झाला आहे, ही खरी उलटी गोष्ट.

तेव्हा ज्या शेतकऱ्याचा अर्ज अडकला आहे त्याने दलालाने दाखवलेल्या राज्याचा रस्ता धरू नये. सातबारा, पीकपाहणी आणि वनखात्याने केलेले नुकसानीचे पंचनामे अर्जाला जोडावेत. शेत अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत येते का हे आधीच विचारून घ्यावे. नकार मिळाला तर 14 व्या कलमाखाली त्याची कारणे लेखी मागावीत आणि 18 व्या कलमाखाली मुदतीत अपील करावे. आणि ग्रामसभेत एक ठराव मांडावा: उपद्रवी डुकराबद्दलचा निर्णय तालुक्याच्या पातळीवर घ्या, नुकसानभरपाई हंगामातच द्या.