काजारांचे सिंहासन : लूट, वारसा आणि वसूल

नादिरशहाचे नाव मराठी वाचकाला परके नाही. १७३९ साली त्याने दिल्ली लुटली, तेथे भीषण कत्तल केली आणि मयूरसिंहासन इराणला नेले, एवढे आपल्याला शालेय इतिहासातून ठाऊक असते. परंतु त्या अफाट लुटीचा वारसा पुढे कोणाकडे गेला, हे सहसा सांगितले जात नाही. नादिरशहाचे घराणे त्याच्या मागे जेमतेम पन्नास वर्षे तग धरून राहिले, आणि तेही इराणच्या एका कोपऱ्यात. त्याच्या उदयकाळी ज्या टोळीप्रमुखाचा शिरच्छेद झाला होता, त्याच टोळीप्रमुखाच्या नातवाने अखेर इराणचा मुकुट मिळविला. हे घराणे काजारांचे. १९२५ पर्यंत इराणवर त्याची सत्ता होती. मेंढ्यांचे कळप राखणाऱ्या एका जमातीने तीन पिढ्यांत सिंहासन कसे गाठले, आणि पुढे त्याच सिंहासनाला एका तंबाखू कंपनीची भरपाई देण्यासाठी परकीय कर्ज का काढावे लागले, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अभ्यासकालाही विचार करावयास लावणारा आहे.

काजार हे मूळचे तुर्कमान. सफवी घराण्याला ज्या 'किझिलबाश', म्हणजे लाल शिरोभूषण धारण करणाऱ्या, लढाऊ जमातींनी सत्तेवर आणले, त्यांपैकी ही एक. कास्पियन समुद्राच्या आग्नेय कोपऱ्यात अस्त्राबाद नावाचे शहर होते. आज त्याला गुर्गान म्हणतात. तेथील नदीच्या काठी या जमातीची कुरणे होती. नदीच्या वरच्या अंगाला चराई करणारे ते 'युखारीबाश' आणि खालच्या अंगाचे ते 'अशाकाबाश', अशा दोन शाखा पडल्या होत्या. पहिलीतील प्रमुख कूळ उंटवाल्यांचे, दुसरीतील मेंढीवाल्यांचे. कुळांची नावेही त्यावरूनच पडलेली. या दोन शाखांचे वैर पिढीजात होते, आणि काजारांचा इतिहास घडविण्यात बाहेरच्या शत्रूंपेक्षा या घरच्या वैराचाच वाटा मोठा आहे. भाऊबंदकी हा शब्द आपल्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

१७२२ साली अफगाणांनी इस्फाहान घेतले आणि सफवी राज्य कोसळले. परागंदा झालेला राजपुत्र तहमास्प आश्रय शोधीत उत्तरेकडे आला, तेव्हा खालच्या शाखेचा प्रमुख फत्तेअलीखान काजार त्याच्या बाजूस उभा राहिला. दुर्बल राजपुत्राचा आधारस्तंभ होऊन राज्यकारभार आपल्या हाती घ्यावा, हा त्याचा मनसुबा लपून राहणारा नव्हता. परंतु १७२६ साली त्याच तहमास्पच्या छावणीत नादिर दाखल झाला. एका म्यानात दोन तलवारी राहणे शक्य नव्हते. त्याच वर्षी मशहदच्या मोहिमेत फत्तेअलीखानाचा शिरच्छेद करण्यात आला. पुढे नादिरने अस्त्राबादचा कारभार त्याच्या प्रतिस्पर्धी शाखेकडे सोपवून काजारांतील दुफळीवर शिक्कामोर्तब केले.

मृत सरदाराचा मुलगा मुहंमदहसनखान तुर्कमानांच्या तंबूंत वाढला. १७४७ मध्ये नादिरशहाचा खून झाल्यावर इराणात जी बजबजपुरी माजली, तीत त्याने बापाचा दावा पुन्हा मांडला. एके काळी इस्फाहानही त्याच्या हाती आले. १७५८ मध्ये त्याने शिराझला वेढा घातला. पण टोळ्यांच्या फौजेला नियमित पगार नसतो, लुटीची आशा हाच तिचा पगार. वेढा लांबला की ती आशा मावळते आणि माणसे रातोरात घरची वाट धरतात. शिराझपुढे हेच घडले. माघार घेत तो अस्त्राबादच्या परिसरात पोहोचला आणि १७५९ साली मारला गेला. वरच्या शाखेची फितुरी त्यालाही भोवली.

त्याचा थोरला मुलगा आगा मुहंमदखान. नादिरच्या पश्चात गादीवर आलेल्या आदिलशहाच्या हाती हा मुलगा सहा वर्षांचा असताना सापडला होता. काजारांचा वंश पुढे चालू नये म्हणून आदिलशहाने त्याचे खच्चीकरण करविले. त्या क्रौर्यामागे निष्ठुर हिशेब होता. पूर्वेकडील राजनीतीत असा पुरुष गादीवर येऊ शकत नाही, असा संकेत होता; तेव्हा मुलाला ठार न मारताही दावेदार नाहीसा होत होता. हा हिशेब किती चुकला, ते पुढे साऱ्या इराणला कळून आले.

मुहंमदहसनखानाचा पाडाव करणारा करीमखान झंद हा अठराव्या शतकातील इराणचा सर्वांत सौम्य राज्यकर्ता. त्याने 'शहा' ही पदवी कधीच घेतली नाही. एक सफवी राजपुत्र नावापुरता गादीवर ठेवून तो स्वतःला 'वकील' म्हणवीत असे. महादजी शिंद्यांनी १७८४ साली दिल्लीच्या बादशहाकडून 'वकील-इ-मुतलक' हे पद घेतले, त्याच जातीची ही व्यवस्था. नाव एकाचे आणि सत्ता दुसऱ्याची, हा त्या शतकाचा दोन्ही देशांतील रिवाजच होता. या करीमखानाने आगा मुहंमदला शिराझमध्ये ओलीस ठेवले. त्याची आत्या करीमखानाच्या जनानखान्यात होती. त्याला सन्मानाने वागविले जाई, राजकारणात त्याचा सल्लाही घेतला जाई. असे सांगतात, की दरबारात बसला असता हा ओलीस चाकूने खालचे मौल्यवान गालिचे गुपचूप फाडीत असे, आणि पुढे राजा झाल्यावर त्याला त्याची हळहळ वाटली. कारण अखेर ते गालिचे त्याच्याच मालकीचे झाले! कथा खरी असो वा रचलेली, ती त्या माणसाचे अंतरंग अचूक दाखविते. द्वेष आणि काटकसर या दोन वृत्ती त्याच्या ठायी अखेरपर्यंत हातात हात घालून नांदत होत्या.

१७७९ च्या मार्चमध्ये करीमखान निवर्तला. आगा मुहंमद शिकारीच्या निमित्ताने शहराबाहेर होता. आत्याचा निरोप पोहोचताच त्याने घोड्याला टाच मारली ती उत्तरेची वाट धरूनच. तेथे त्याची पहिली झुंज झंदांशी झाली नाही, ती झाली सख्ख्या भावांशी. माझंदरानवर पकड बसविण्यातच त्याची काही वर्षे गेली. १७८६ मध्ये त्याने तेहरान ही आपली राजधानी केली. ते तेव्हा काही मोठे नगर नव्हते. पण काजारांची कुरणे तेथून जवळ होती, आणि संकटसमयी राजाला आपल्या टोळीचा आधार हाताशी हवा होता.

माझ्या मते आगा मुहंमदचे खरे कर्तृत्व त्याच्या लढायांत नसून घरच्या तहात आहे. आजोबा आणि बाप दोघेही ज्या दुफळीमुळे बुडाले, ती त्याने बुजविली. स्वतःला अपत्य होणे शक्य नव्हते, म्हणून त्याने पुतण्या बाबाखान यास वारस नेमले, आणि बाबाखानाचा विवाह प्रतिस्पर्धी शाखेतील मुलीशी लावून दिला. पुढचा युवराज या संबंधातून जन्मावा, अशी ही योजना होती. म्हणजे उंटवाले आणि मेंढीवाले या दोघांचेही हित एकाच गादीत गुंतले. जेथे सोयरिकीने भागले नाही, तेथे त्याने दुसरा मार्ग पत्करला. ज्या भावाने त्याच्यासाठी लढाया जिंकल्या, त्या जाफरकुलीखानाचा त्याने विश्वासघाताने खून करविला. पुतण्याचा मार्ग निष्कंटक राहावा, एवढ्यासाठीच.

झंदांचा शेवटचा वीर लुत्फअलीखान तरुण, देखणा आणि शूर होता. परंतु शिराझचा नगरप्रमुख हाजी इब्राहीम याने १७९१ मध्ये त्याच्यावर शहराचे दरवाजे बंद केले. व्यापारी आणि नागरिक वर्गाला रोजच्या धामधुमीचा वीट आला होता. विजयी कोण होणार याचा अंदाज घेऊन त्यांनी पक्ष बदलला. १७९४ साली केरमानने लुत्फअलीला आसरा दिला, त्याची किंमत त्या शहराने भयंकर चुकविली. गाव पडल्यावर आगा मुहंमदने हजारो पुरुषांचे डोळे काढविले आणि बायकामुले गुलाम म्हणून सैनिकांना वाटून टाकली. डोळ्यांचा आकडा वीस हजार असा सांगितला जातो. त्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, पण ते शहर त्यानंतर कित्येक वर्षे सावरले नाही, याविषयी नाहीत. दुसऱ्या वर्षी जॉर्जियाची राजधानी तिफ्लिस लुटली गेली आणि हजारो माणसे गुलाम करून नेण्यात आली. १७९६ मध्ये राज्याभिषेक झाला. नादिरशहाचा आंधळा नातू शाहरुख मशहदमध्ये होता. त्याचा छळ करून एकेक रत्न काढून घेण्यात आले. औरंगजेबाच्या मुकुटातील म्हणून ओळखले जाणारे माणिक त्यांत होते, असे जॉन माल्कमने आपल्या इराणच्या इतिहासात नोंदविले आहे.

याच माणसाने व्यापारी मार्ग निर्धोक केले, हेही सांगितले पाहिजे. काफिला लुटणाऱ्याची त्याच्या राज्यात गय नव्हती. लुटीचा हक्क त्याने एकट्या राजाकडे राखून ठेवला, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

१७९७ च्या जूनमध्ये शुशाच्या छावणीत दोन नोकरांच्या भांडणाचा गलका त्याच्या कानी पडला. त्याने दोघांना देहान्ताची शिक्षा फर्मावली, पण शुक्रवारची पवित्र रात्र म्हणून ती दुसऱ्या दिवसावर ढकलली, आणि तोवर त्यांना नेहमीप्रमाणे चाकरीवर राहू दिले! रात्रीच त्यांनी त्याचा खून केला. फौज पांगली. टोळ्यांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे राज्य येथेच संपावयास हवे होते. ते संपले नाही, कारण तेहरानचे दरवाजे प्रतिस्पर्धी शाखेच्याच एका काजार सरदाराने बाबाखान येईपर्यंत बंद ठेवले. घरच्या तहाचे व्याज पहिल्याच अडचणीत वसूल झाले. बाबाखान फत्तेअलीशहा या नावाने गादीवर बसला.

येथून मुंबईचा संबंध येतो. अफगाण अमीर झमानशहा हिंदुस्थानवर चालून येईल, या धास्तीने कंपनी सरकारने माल्कमला मुंबईहून इराणला पाठविले. १८०१ मध्ये तह झाला. उलट भेटीसाठी आलेला फत्तेअलीशहाचा वकील हाजी खलीलखान १८०२ च्या जुलैत मुंबईत, त्याचे नोकर आणि पहाऱ्याचे शिपाई यांच्यातील चकमकीत मारला गेला. कंपनीची पाचावर धारण बसली, आणि वारसांना निवृत्तिवेतन देऊन तिने प्रकरण मिटविले. हाच माल्कम पुढे महिदपूरला होळकरांविरुद्ध लढला, आणि १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला आठ लाखांचे वर्षासन त्यानेच ठरवून दिले.

बाजीरावाच्या उल्लेखाला आणखी एक कारण आहे. त्याच्या राजवटीत मामलती मक्त्याने दिल्या जात. त्याच काळात इराणातही तोच प्रकार रूढ होत होता. फत्तेअलीशहाला शंभरहून अधिक अपत्ये होती. प्रत्येक प्रांतावर एक शहाजादा, त्याचा स्वतंत्र दरबार, आणि सुभेदारी टिकविण्यासाठी नवरोजाला तेहरानला पाठवावयाचा नजराणा. सुभेदार तो नजराणा हाताखालच्यांकडून, आणि ते रयतेकडून वसूल करीत. उंट, उवा आणि शहाजादे कोठेही सापडतात, अशी म्हणच इराणात पडली. नव्या मुलुखाची लूट थांबली होती, आणि नियमित सारा गोळा करणारी यंत्रणा उभारली गेली नव्हती. अशा वेळी रशियाशी दोन युद्धे झाली. १८१३ आणि १८२८ च्या तहांनी कॉकेशस गेला, शिवाय दोन कोटी रुबलांची खंडणी भरावी लागली. आजवर जे घराणे खंडणी घेत आले होते, ते आता ती देऊ लागले.

नासिरुद्दीनशहाच्या काळात (१८४८ ते १८९६) विकण्याजोगे उरले ते मक्ते. १८९० मध्ये साऱ्या देशातील तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा एकाधिकार एका इंग्रजाला वार्षिक पंधरा हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा एवढ्यावर देण्यात आला. मळेवाले, व्यापारी आणि धर्मगुरू एक झाले. १८९१ च्या डिसेंबरात तंबाखू निषिद्ध ठरविणारा फतवा निघाला, आणि शहाच्या जनानखान्यातले हुक्केसुद्धा थंड पडले. मक्ता रद्द झाला. भरपाई ठरली पाच लाख पौंड. ती देण्यासाठी ब्रिटिश मालकीच्या इंपीरियल बँकेकडून सहा टक्के व्याजाने कर्ज काढावे लागले. इराणचे हे पहिले परकीय कर्ज. १९०६ मध्ये प्रजेने संविधान मिळविले, आणि १९२५ मध्ये मजलिसने काजार घराणे पदच्युत केले, तेव्हा शेवटचा शहा अहमद युरोपात होता. त्याची जागा रेझाखानाने घेतली. त्याच्या पाठीशी टोळी नव्हती, पगारी सैन्य होते.

दिल्लीची रत्ने मात्र तेहरानमध्येच राहिली. १९३७ साली कायद्याने ती राज्याची मालमत्ता ठरली आणि चलनी नोटांना तारण म्हणून राष्ट्रीय बँकेकडे सोपविण्यात आली.