उसातला आरोपी

डिसेंबर २०२४. दौंड तालुक्यातल्या कडेठाणला उसाच्या रानात एका महिलेचा मृतदेह सापडला. अंगावर जखमा, भोवती ऊस. बिबट्याने मारले, असे लगेच ठरून गेले. बातम्याही तशाच आल्या. नमुने मात्र न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेले होते. काही महिन्यांनी अहवाल आला, की हा हल्ला बिबट्याचा नाही. मग यवत पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवून दोघांना अटक केली. तोवर बिबट्या आरोपी म्हणून गावभर मिरवून झाला होता.

प्रयोगशाळेला हे कळते कसे? बिबट्या नरडे धरतो. त्याच्या सुळ्यांची भोके खोल असतात आणि दोन सुळ्यांमधले अंतर मोजता येते. जखमेत त्याची लाळ उतरते, लाळेत पेशी असतात आणि पेशींत डीएनए. अडकलेला केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर तो कुठल्या प्राण्याचा हे सांगता येते. शिवाय मातीत ठसे राहतात. बिबट्या चालताना नख्या आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखे उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा आणि तरस यांची उमटतात. ‘वाघाचे ठसे’ म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत बोटांपुढे नखांचे टिपके दिसले, तर तो वाघ बहुधा गल्लीतलाच कुत्रा असतो. (आपल्याकडे बिबट्याला सर्रास वाघच म्हणतात, हा आणखी एक घोटाळा.)

पण कडेठाणच्या लोकांना भोळे म्हणून हसण्यात अर्थ नाही. शेजारच्या शिरूर तालुक्यात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात अवघ्या तीन आठवड्यांत तीन जणांचा बळी गेला. त्यांत दोन लेकरे होती आणि एक म्हातारी. लोकांनी रस्ता रोखला आणि शेवटी एका बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत पिंपरखेडच्या बाया-माणसे गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होती. ते फोटो पाहून पुण्या-मुंबईत कोणी हसलेही असेल. मला त्यात शहाणपण दिसले. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असाच पट्टा असतो, कारण बिबट्या नरड्यालाच येतो हे ज्ञान कळपामागे हिंडणाऱ्यांनी पुस्तकाविना मिळवलेले आहे. लोकांचे सगळेच समज खोटे नसतात. पण खऱ्याच्या शेजारी खोटेही तितक्याच ठामपणे उभे असते.

त्यातले सर्वांत चिवट म्हणजे, ‘हे बिबटे वनखात्याने गाडीतून आणून सोडलेत.’ पारावर, एसटीत, गुऱ्हाळावर, कुठेही ऐका. खरे कारण डोळ्यांसमोर उभे आहे. कुकडी, घोड आणि चासकमानच्या पाण्यावर शिरूरच्या जिरायती रानात ऊस आला, खडकवासल्याच्या कालव्यावर दौंडमध्ये आला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो. आत सावली, जवळ पाणी आणि वस्तीवर कुत्री. मादी तीन महिन्यांत विते, बहुधा दोन-तीन पिल्ले. उसात जन्मलेल्या पिल्लाला जंगल ठाऊकच नसते. त्याला बाहेरून आणायची गरज काय?

तरी या अफवेत खऱ्याचा एक दाणा आहे, आणि तो झाकून ठेवला तर लोक बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाहीत. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलांत खरोखरच सोडले होते. हेतू चांगला होता. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला तेव्हा दिसले, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते, ते सतरावर गेले. जिवावर बेतलेल्या हल्ल्यांचे प्रमाणही वाढले. आपला टापू सुटलेला, बिथरलेला, अनोळखी मुलखात टाकलेला प्राणी जास्त धोकादायक ठरला. म्हणजे ‘पकडा आणि लांब नेऊन सोडा’ ही आजही प्रत्येक मोर्चात होणारी मागणी एकदा करून पाहिलेली आहे. ती महागात पडली.

आणि लांब म्हणजे तरी किती लांब? शिरूरच्या शेजारी पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९मध्ये एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याला काढून, गळ्यात रेडिओ कॉलर बांधून माळशेज घाटात सोडले. नाव पडले ‘आजोबा’. हे आजोबा महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालून, महामार्ग आणि वसईची खाडी ओलांडून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचले. पुढे त्यांच्यावर सिनेमाही निघाला. वाटेत त्यांनी एकाही माणसाला हात लावला नाही.

‘एकदा माणसाचे खारट रक्त चाखले, की त्याला दुसरे काही गोड लागत नाही’ हाही असाच समज. माणूस, शेळी, कुत्रा यांच्या रक्तातले मीठ जवळपास सारखेच असते. चवीचा प्रश्नच येत नाही. बिबट्या पाहतो ते भक्ष्य किती सोपे आहे हे. अकोले तालुक्यात, चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा मुलखात, बिबट्यांची विष्ठा तपासली गेली. खाण्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्केच, कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे उकिरड्यावर. वस्तीजवळ बिबट्या कोण आणतो याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मेलेल्या कोंबड्या आणि उरलेसुरले अन्न जिथे उघड्यावर पडते तिथे कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागे तो येतो. अर्थात, माणूस सोपा सापडतो हे एखाद्या जनावराला कळून चुकले, तर त्याला हटवावेच लागते. पिंपरखेडला गोळी घातली ती चूक होती, असे मी म्हणणार नाही.

वाकून खुरपणारी बाई किंवा ओट्यावर बसलेले लेकरू बिबट्याच्या नजरेला उभ्या माणसासारखे दिसत नाही. म्हणून शेतात एकटे वाकून काम नको आणि अंधारात लेकरू अंगणात एकटे नको. रात्रीच्या लाइटवर दारे धरायला जाणाऱ्याला हे सांगणे सोपे आहे. वीज दिवसा देणे ज्यांच्या हातात आहे, त्यांना सांगणे अवघड.

शेवटचा समज ऊसतोडीच्या तोंडावर सांगायलाच हवा. ‘माणसाचा हात लागला की आई पिल्लाला घेत नाही.’ घेते. उसाच्या फडात सापडलेली बछडी जुन्नर आणि शिरूर भागात संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवली गेली आहेत आणि रात्री आई येऊन त्यांना तोंडात धरून घेऊन गेली आहे. कॅमेऱ्यांनी ते टिपले आहे. धोका हाताचा नसतो, गर्दीचा असतो. पिल्लांभोवती सेल्फी घेणारे शंभर जण उभे राहिले, तर शेजारच्या सरीत दबा धरून बसलेली आई कोणावर तरी झेप घेऊ शकते.

तेव्हा यंदा कोयता चालवताना बछडी दिसली तर तोड थांबवा, उचलून घरी नेऊ नका, लांब व्हा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.