फिरता निधी (स्वयंसहायता समूह)

फिरता निधी म्हणजे ग्रामीण भागातील महिला स्वयंसहायता समूहांना (बचत गटांना) शासनाकडून एकदाच दिले जाणारे छोटे अनुदान होय. महाराष्ट्रात ते ‘उमेद’ या नावाने परिचित असलेल्या महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत दिले जाते. हे अनुदान कोणा एका सदस्येचे नसून समूहाच्या सामाईक भांडवलाचा भाग असते. समूह ते शासनास परत करीत नाही. मात्र सदस्यांनी त्यातून घेतलेली रक्कम त्यांना समूहास व्याजासह परत करावी लागते. एकीने परतफेड केलेली रक्कम दुसरीच्या उपयोगी पडते, म्हणून त्यास ‘फिरता’ निधी म्हणतात.

पार्श्वभूमी

बचत गटांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ साली सुरू केला. १ एप्रिल १९९९ पासून केंद्र शासनाची स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना अमलात आली. तीत सहा महिने सुरळीत चाललेल्या गटाची प्रतवारी केली जाई. उत्तीर्ण गटास २५,००० रुपयांचे खेळते भांडवल मिळे व त्यांपैकी १०,००० रुपये अनुदान असे. २०११ मध्ये या योजनेची जागा राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने घेतली. पुढे २०१६ मध्ये त्यास ‘दीनदयाळ अंत्योदय योजना’ हे नाव जोडले गेले. या अभियानात प्रारंभी फिरत्या निधीची मर्यादा प्रति समूह १०,००० ते १५,००० रुपये होती. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ही रक्कम १५,००० वरून ३०,००० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

पात्रतेचे नियम

समूहात सामान्यतः १० ते २० महिला असतात. दिव्यांग व्यक्तींचे समूह, तसेच दुर्गम व डोंगराळ भागांतील समूह यांच्या बाबतीत किमान पाच सदस्यांची सवलत आहे. समूहास यापूर्वी असा निधी मिळालेला नसावा आणि त्याने किमान तीन महिने ‘पंचसूत्री’चे पालन केलेले असावे. पंचसूत्रीतील पाच गोष्टी पुढीलप्रमाणे आहेत :

१. नियमित बैठक
२. नियमित बचत
३. नियमित अंतर्गत कर्जव्यवहार
४. कर्जाची नियमित परतफेड
५. हिशेबाच्या नोंदी अद्ययावत ठेवणे

महाराष्ट्रात या पाचांना आरोग्य, शिक्षण, पंचायत राज संस्थांतील सहभाग, शासकीय योजनांचा लाभ आणि शाश्वत उपजीविका यांची जोड देऊन ‘दशसूत्री’ सांगितली जाते.

या नियमांचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. बहुतेक शासकीय अनुदानांत अर्जदार आपली गरज मांडतो व शासन ती तपासते. येथे गरजेपेक्षा वर्तन तपासले जाते. समूहाने आपल्या तुटपुंज्या बचतीतून आधी कर्ज देऊन ते वसूल केलेले असावे लागते. दहा जणींचे पैसे जबाबदारीने सांभाळता आले, तर शासनाचे पैसेही सांभाळता येतील, हे या नियमामागील गृहीतक आहे.

मंजुरीची प्रक्रिया

समूह स्थापन झाल्यावर तो बँकेत आपल्या नावाने बचत खाते उघडतो. बैठकांचे इतिवृत्त, बचत व कर्जाच्या नोंदी आणि सदस्यांची पासपुस्तके ठेवण्याच्या कामी गावातील समुदाय संसाधन व्यक्ती साहाय्य करते. ठरलेला काळ पूर्ण झाल्यावर बैठकीत निधीच्या मागणीचा ठराव संमत केला जातो. गावातील समूहांचा ग्रामसंघ असल्यास त्याची शिफारस घेतली जाते. त्यानंतर अभियानाचे कर्मचारी नोंदवह्यांची तपासणी करतात.

बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे सातपुड्याच्या पायथ्याचे गाव संग्रामपूर तालुक्यात येते. त्यामुळे तेथील समूहाचा प्रस्ताव संग्रामपूर येथील तालुका अभियान व्यवस्थापन कक्षाकडे आणि तेथून बुलढाणा येथील जिल्हा कक्षाकडे जातो. मंजूर रक्कम थेट समूहाच्या बँक खात्यात जमा होते. ती रोख स्वरूपात किंवा एखाद्या सदस्येच्या वैयक्तिक खात्यात दिली जात नाही.

निधीचा विनियोग

निधी कशासाठी वापरावा, याची यादी शासनाने घालून दिलेली नाही. कर्ज कोणास, किती व किती मुदतीसाठी द्यावे, हे समूह आपल्या बैठकीत ठरवितो. पेरणीच्या वेळी लागणारे बियाणे व खत, शेळीची खरेदी, शिलाई यंत्र, आजारपण, मुलांची शाळा ही कर्जामागील नेहमीची कारणे होत. व्याजाचा दरही समूहच ठरवितो आणि व्याजाची रक्कम समूहाच्याच निधीत जमा होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दहा महिलांनी दरमहा १०० रुपये बचत केल्यास सहा महिन्यांत ६,००० रुपये जमतात. एवढ्या रकमेत एका वेळी एक-दोघींचीच गरज भागते. ३०,००० रुपयांचा निधी मिळताच भांडवल ३६,००० रुपये होते व एकाच हंगामात तिघी-चौघींना कर्ज देता येते. शिवाय बँक पहिले कर्ज ठरविताना समूहाचे एकूण भांडवल पाहते व त्यात फिरता निधीही धरला जातो. रिझर्व्ह बँकेच्या अभियानविषयक सूचनांनुसार पहिले कर्ज भांडवलाच्या सहा पट किंवा किमान दीड लाख रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती, असावे असे अपेक्षित आहे. वरील समूहाच्या बाबतीत सहा पट म्हणजे २,१६,००० रुपये होतात. १० लाख रुपयांपर्यंतच्या कर्जास बँक तारण मागत नाही.

समुदाय गुंतवणूक निधीशी फरक

फिरता निधी व समुदाय गुंतवणूक निधी यांत अनेकदा गल्लत होते. समुदाय गुंतवणूक निधी हा ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ यांसारख्या समूहांच्या संघाचा असतो. सदस्यांच्या गरजांचा आराखडा पाहून संघ तो समूहास कर्जाऊ देतो व समूहाने तो संघास परत करावयाचा असतो. फिरता निधी मात्र समूहाच्या मालकीचा होऊन समूहातच राहतो.

गैरसमज व मर्यादा

निधी हाती येताच तो सर्व सदस्यांनी समान वाटून घेणे, हा त्याचा सर्वांत परिचित गैरवापर होय. वरकरणी हे न्याय्य वाटते. परंतु ३०,००० रुपये दहा जणींत वाटल्यास प्रत्येकीस तीन हजार मिळून ते खर्च होतात आणि भांडवल संपते. निधी एकदाच मिळत असल्याने ते पुन्हा उभे राहत नाही. याउलट काही समूहांत बोलक्या किंवा सधन सदस्याच वारंवार कर्ज घेतात व इतर जणी केवळ बचत भरीत राहतात. यावर नियमांत असलेला उपाय बैठकीचाच आहे. कर्जाची मागणी सर्वांसमोर मांडणे, निर्णय इतिवृत्तात नोंदविणे आणि हिशेब मोठ्याने वाचून दाखविणे यांमुळे अक्षरओळख नसलेल्या सदस्येसही समूहाचा व्यवहार कळतो.

नियमांची दुसरी मर्यादा त्यांच्या मूळ तत्त्वातच आहे. नियमितता ही पात्रतेची कसोटी असल्याने, ज्यांचे उत्पन्नच अनियमित आहे त्यांना ती अवघड जाते. मोलमजुरीसाठी हंगामात गाव सोडणाऱ्या महिलांची बैठक चुकते, बचत खंडित होते आणि समूह पात्रतेत मागे पडतो. नोंदवहीतील रिकामा रकाना हा निष्काळजीपणा आहे की स्थलांतर, हे केवळ वही पाहून कळत नाही. आणि एका दिवसात बसून भरलेली वही वरकरणी तितकीच नीटनेटकी दिसू शकते. म्हणून तपासणीच्या वेळी नोंदी पाहण्याबरोबरच समूहाच्या बैठकीस उपस्थित राहून सदस्यांशी बोलणे आवश्यक ठरते. आपली बचत किती, कर्ज कोणाकडे आहे व ते केव्हा परत येणार, या प्रश्नांची उत्तरे पदाधिकाऱ्यांखेरीज इतर महिलांना देता येत असतील, तर पंचसूत्री कागदाबाहेरही पाळली जात आहे असे मानता येते.