घरमालकाचे नियम कुठवर चालतात? सीमाभागातल्या भाडेकरूंनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

जून उजाडला की बेळगावात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. खानापूर, चंदगड, निपाणीकडून शिकायला येणारी मुलं-मुली, बदलीवर आलेले कर्मचारी, नव्याने संसार मांडणारी जोडपी असे सगळेच टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतून 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या शोधत फिरतात. खोली मिळते, डिपॉझिट ठरतं आणि मग मालक नियम सांगायला लागतात. रात्री दहाला गेट बंद. मटण-मासे चालणार नाहीत. पाहुणा दोन दिवसांच्या वर नको. पाणी सकाळी एकच तास. एक किल्ली आमच्याकडे राहील. घर सोडताना पेंटिंगचे पैसे कापणार.

यातले काही नियम पाळावेच लागतात, काहींना कायद्याचा काडीचाही आधार नसतो. फरक माहीत नसल्यामुळे भाडेकरू एक तर सगळंच निमूट सोसतो, नाहीतर जिथे मालकाचं बरोबर आहे तिथेच भांडण काढून बसतो.

घर जिथे, कायदा तिथला

पहिली गोष्ट म्हणजे, भाडेकरू मूळचा कुठला आणि मालक कुठल्या गावचा, याला महत्त्व नाही. ज्या राज्यात घर उभं आहे, त्या राज्याचा कायदा लागतो. सीमाभागात इथेच गडबड होते. पुण्या-मुंबईकडून फिरत आलेला मेसेज वाचून बेळगावातला भाडेकरू मालकाला 'कलम ५५' सांगायला जातो. ते कलम महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं आहे. त्यानुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. नोंदणी केली नसेल, तर वादाच्या वेळी कराराच्या अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. चंदगडमध्ये हे चालतं. सीमा ओलांडून बेळगावात आलं की चालत नाही.

कर्नाटकात कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे. मात्र तो सरसकट सगळ्या घरांना लागत नाही. शहराच्या वर्गानुसार महिना ३,५०० किंवा २,००० रुपयांपेक्षा जास्त भाड्याची घरं त्यातून बाहेर आहेत. आजचे दर पाहिले तर शहरातली बहुतेक नवी भाडेपट्टी या मर्यादेच्या वर जाते. अशा घरांना १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि दोघांनी सही केलेला करार, एवढंच लागू होतं. म्हणून बेळगाव, धारवाड, हुबळीकडे कराराच्या कागदाला फार किंमत आहे.

इतर ठिकाणी राहणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोव्यात १९६८ चा इमारत भाडे व निष्कासन नियंत्रण कायदा आहे. इंदूर-ग्वाल्हेरला मध्य प्रदेशचा १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आहे. बडोद्यात मुंबई राज्याच्या काळातला १९४७ चा भाडे कायदा पुढे चालत आला. हैदराबादेत १९६० चा इमारत भाडे नियंत्रण कायदा आहे. प्रत्येकात सवलती आणि अपवाद वेगळे. 'आमच्या गावात असं चालतं' हे दुसऱ्या गावात उपयोगी पडेलच असं नाही.

सहीच्या आधीचं आणि सहीनंतरचं

नियमांचा सगळा खेळ एका प्रश्नाभोवती फिरतो. तो नियम करारात होता का?

सही होण्याआधी मालकाला जवळजवळ पूर्ण मोकळीक असते. घर कुणाला द्यायचं, किती माणसांना द्यायचं, फक्त राहायला द्यायचं की खाली दुकान चालवू द्यायचं, हे तो ठरवू शकतो. भाडेकरूला पटलं नाही तर तो दुसरं घर बघू शकतो. सही झाली की मात्र दोघंही त्या कागदाला बांधले जातात. तीन महिन्यांनी मालकाने जिन्यात नवी यादी चिकटवली, तर ती भाडेकरूने मान्य केल्याशिवाय कराराचा भाग होत नाही. ठरलेल्या मुदतीत भाडं वाढवायचं असेल, तर तशी अटही करारात आधीच हवी.

आता बेळगावातली खरी अडचण. करारपत्र बहुतेक वेळा कन्नड किंवा इंग्रजीत टाइप केलेलं असतं. स्टॅम्प विक्रेत्याकडे तयार नमुना असतो, त्यात फक्त नावं आणि रक्कम बदलतात. भाडेकरू वाचता येत नाही म्हणून न वाचताच सही करतो. 'मला भाषा समजली नाही' हे नंतर सांगून सुटका होणं कठीण असतं. त्यामुळे सहीआधी कागदाचा फोटो मागून घ्यावा, ओळखीतल्या कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून तो पूर्ण वाचून घ्यावा आणि तोंडी ठरलेल्या गोष्टी व्हॉट्सअॅपवर मराठीत लिहून मालकाला पाठवाव्यात. 'काका, आपलं ठरल्याप्रमाणे पाणी सकाळ-संध्याकाळ आणि डिपॉझिट पूर्ण परत, बरोबर ना?' मालकाने 'हो' लिहिलं की तोही एक पुरावा झाला.

हे नियम पाळावेच लागतात

मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ दोन्ही बाजूंची कर्तव्यं सांगतं. करारात वेगळं काही ठरलं नसेल तर ती लागू होतात. भाडेकरूने भाडं वेळेवर द्यायचं. घर ज्या कामासाठी घेतलं त्याच कामासाठी वापरायचं. मालकाला न विचारता पक्कं बांधकाम करायचं नाही, म्हणजे भिंत पाडणं, गॅलरी बंद करून खोली काढणं असले उद्योग नकोत. घर घेतलं त्या स्थितीत परत द्यायचं. मालकाने वाजवी वेळी पाहणीसाठी येऊ म्हटलं तर येऊ द्यायचं.

शेजाऱ्यांना त्रास होईल असा आवाज न करणं, ठरल्यापेक्षा जास्त माणसं न ठेवणं, परस्पर पोटभाडेकरू न ठेवणं हे नियमही करारात असले तर पक्के. पोलिस पडताळणीसाठी मालकाने ओळखपत्राची प्रत मागितली तर त्यात वावगं काही नाही. बऱ्याच ठिकाणी प्रशासन मालकांना ती माहिती देणं बंधनकारक करतं.

हे मालकाला करता येत नाही

त्याच कलमात भाडेकरूचा एक मोठा हक्क आहे. भाडं देत असेल आणि अटी पाळत असेल, तर मुदतभर त्याला घराचा विनाअडथळा उपभोग घेता आला पाहिजे. घर मालकाचं असलं तरी तेवढ्या काळासाठी ताबा भाडेकरूचा असतो.

त्यामुळे जवळची किल्ली वापरून भाडेकरू नसताना आत शिरणं चालत नाही. पाहणीचा हक्क आहे, पण वेळ सांगून आणि वाजवी वेळी. महाराष्ट्राच्या कायद्यात तर पाहणीआधी पूर्वसूचना द्यावी, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. 'माझंच घर आहे, मी कधीही येणार' याला आधार नाही. एकट्या राहणाऱ्या मुलींनी ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

दुसरं, पाणी आणि वीज. भाडं थकलं किंवा घर खाली करत नाही म्हणून नळ बंद करणं, मोटरचा स्विच काढून घेणं, फ्यूज उपसणं हे प्रकार सर्रास चालतात. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगणाच्या भाडे कायद्यांत अशा अत्यावश्यक सेवा तोडायला मनाई आहे. विजेबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात स्पष्ट केलं की वीज ही मूलभूत गरज आहे आणि मालक ना हरकत पत्र देत नाही एवढ्या कारणाने भाडेकरूला ती नाकारता येत नाही. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढंच वीज कंपनीने बघायचं.

तिसरं, कुलूप. भाडेकरू कामावर गेलेला असताना दाराला दुसरं कुलूप लावणं, सामान रस्त्यावर काढणं हे भाडं थकलेलं असलं तरी बेकायदाच. ज्याचा ताबा स्थिरावलेला आहे त्याला, त्याचा राहण्याचा हक्क संपला असं धरलं तरी, कायद्याच्या मार्गानेच बाहेर काढता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये कृष्ण राम महाले प्रकरणात सांगितलं आहे. नियम मोडला असेल तर मालकाने नोटीस द्यावी, कोर्टात जावं. शिक्षा त्याने स्वतः ठरवायची नसते.

मटण, पाहुणे आणि गेट

सगळ्यात जास्त भांडणं इथे होतात आणि इथे उत्तर तितकं सरळ नाही.

मांसाहार नको अशी अट करारात लिहून सही झाली असेल, तर ती एक करारातली अट आहे. सही करताना गप्प राहून नंतर 'माझ्या ताटात काय आहे ते तुम्ही कोण विचारणार' म्हणणं कमकुवत ठरतं. अट लिहिलेली नसेल, तर मालकाला नंतर ती लादता येत नाही. जात, धर्म किंवा आहार बघून घर नाकारलं जाण्याचा अनुभव अनेकांना येतो. राज्यघटनेचं कलम १५ भेदभावाला मनाई करतं, पण त्याचा मुख्य रोख सरकारवर आहे. खाजगी मालकाने घर नाकारलं तर थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र देशव्यापी कायदा नाही. ही कायद्यातली उणीवच आहे आणि ती भोगणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे.

पाहुण्यांचंही तसंच. आई-वडील चार दिवस येऊन राहिले म्हणजे पोटभाडेकरू ठेवला असं होत नाही. मित्र दोन महिने राहून भाड्याचा वाटा देऊ लागला, तर मात्र मालकाची तक्रार रास्त आहे.

गेटच्या वेळेचं बघायचं तर सुरक्षेसाठी दहाला कुलूप लावणं समजण्यासारखं आहे. पण स्वतंत्र खोली भाड्याने घेतलेल्या माणसाला त्याच्याच घरात जाता न येणं म्हणजे उपभोगात अडथळा आणणं. साधा तोडगा म्हणजे गेटची एक किल्ली भाडेकरूकडे. पीजी आणि हॉस्टेलचं गणित वेगळं. तिथे खोलीचा ताबा नव्हे, राहण्याची परवानगी मिळालेली असते, त्यामुळे वेळेचे, जेवणाचे नियम जास्त कडक असू शकतात.

डिपॉझिट आणि पेंटिंगचे पैसे

कर्नाटकात याला 'अॅडव्हान्स' म्हणतात आणि रक्कम कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी असते. केंद्राच्या २०२१ च्या नमुना भाडे कायद्यात घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं एवढीच अनामत सुचवली आहे. पण तो नमुना आहे. ज्या राज्याने त्यावरून स्वतःचा कायदा केलेला नाही, तिथे त्यावर बोट ठेवून काही मागता येत नाही.

घर सोडताना खरा वाद कपातीवर होतो. कलम १०८ म्हणतं, घर चांगल्या स्थितीत परत द्यावं, पण वाजवी वापराने होणारी झीज धरून. दोन-तीन वर्षांत भिंतीचा रंग उडणं, नळाचा वायसर जाणं ही झीज. फुटलेलं बेसिन, मोडलेलं दार हे नुकसान. झिजेचे पैसे कापता येत नाहीत. मात्र 'सोडताना एक महिन्याचं भाडं पेंटिंगसाठी कापलं जाईल' असं करारात लिहिलेलं असेल, तर ती अट सहसा निभावते. म्हणून सहीआधी ती ओळ शोधावी आणि तेव्हाच घासाघीस करावी. राहायला जाण्याच्या दिवशी प्रत्येक खोलीचा, नळाचा, भिंतीचा व्हिडिओ काढून मालकाला पाठवून ठेवला, तर नंतरचे निम्मे वाद मिटतात. भाडं आणि डिपॉझिट शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयने द्यावं. रोख दिलंच तर पावती घ्यावी.

भाडेकरूने स्वतः बसवलेला गीझर, पंखा, जाळी ताबा सोडण्याआधी काढून नेता येते. घर मात्र होतं तसं ठेवलं पाहिजे.

अकरा महिने संपल्यावर

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून अकरा महिन्यांचे करार करायची पद्धत पडली. अकरा महिने संपले, नवा करार झाला नाही, पण मालक भाडं घेत राहिला, तर कलम ११६ नुसार राहण्याच्या घराचा भाडेपट्टा महिन्यागणिक पुढे चालू राहतो. असा भाडेपट्टा संपवायला, करारात वेगळं काही नसेल तर, कलम १०६ नुसार १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपून जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्काची टांगती तलवार असते, हेही विसरू नये.

इथेच भाडेकरूच्या हक्काची मर्यादाही कळते. मुदतीत मालक बाहेर काढू शकत नाही, पण मुदत संपल्यावर नवा करार करायची सक्ती त्याच्यावर नाही. प्रत्येक बारीक नियमावर लढाई करायची की नाही, याचा विचार हे धरून करावा.

कुलूप लागलंच तर

आधी फोटो आणि व्हिडिओ. मग ११२ वर फोन. पोलिस 'सिव्हिल मॅटर आहे' म्हणतील, पण भाड्याचा वाद सिव्हिल असला तरी घरात शिरणं, अडवणं, धमकावणं हे फौजदारी गुन्हे आहेत. तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रारीत डिपॉझिटचं रामायण न लावता कुलूप, वेळ आणि आत अडकलेलं सामान एवढंच लिहावं.

ताबा परत मिळवण्यासाठी विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली दिवाणी कोर्टात दावा करता येतो. त्यात मालकी कुणाची हा प्रश्न येत नाही, बेकायदा बाहेर काढलं का एवढंच बघतात. मुदत मात्र सहा महिन्यांचीच. 'बघू, बोलून मिटेल' म्हणत थांबलेल्यांची ती निघून जाते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१०० आहे. डिपॉझिटसारखे पैशांचे वाद दावा दाखल होण्याआधीच तिथे समोरासमोर बसून मिटवता येतात. जाताना करारपत्र, भाडं दिल्याचे पुरावे आणि मालकाशी झालेले मेसेज सोबत न्यावेत.