पहिला वाट अडवतो, दुसरा चेंडू काढतो

सकाळी ६.००
मॅच दुपारी चारची, कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर. आज पळणं नाही, पोरांना नुसतं चालवायचं. आमची मांडणी डायमंडची. मागे चौघे, त्यांच्यापुढे एक होल्डिंग, बाजूंना दोघे, वर एक आणि पुढे दोन स्ट्रायकर. मधल्या चौघांच्या हातात दहा-दहा मीटरवर सुती दोरी धरायला देतो आणि स्वतः समोरच्या राइट बॅकच्या जागी चेंडू घेऊन उभा राहतो. डावा मिडफिल्डर अंगावर येतो. होल्डिंगवाला जागेवरच राहिला, की दोरी त्याच्या मुठीतून निसटते. "भावा, तो निघाला की तूही निघायचं," मी पुन्हा पुन्हा सांगतो. पहिला नुसती वाट अडवतो. चेंडू मिळतो तो मागून आलेल्या दुसऱ्याला, आणि तो दोन पावलं लांब असला तर पहिल्याची सगळी धाव वाया जाते.

८.३०
पोहे, केळी, भरपूर पाणी.

११.००
होल्डिंगचा पोरगा घरी येतो. त्याला २०११च्या क्लब वर्ल्ड कपची योकोहामातली फायनल दाखवतो, बार्सिलोना विरुद्ध सांतोस. ग्वार्दिओलांनी मागे तिघेच ठेवले. मध्ये बुस्केट्स, झावी, इनिएस्ता, थियागो, फाब्रेगास, आणि मेस्सीही खाली उतरायचा. निकाल ४-०. मी गोल पुढे ढकलतो आणि बार्सिलोनाचा चेंडू गेल्यानंतरचे चार-पाच सेकंद तेवढे पुन्हा पुन्हा लावतो. चेंडू जातो तिथे आधीच तीन-चार जण जवळ असतात, म्हणून तो लगेच परत मिळतो. मधली फळी भरायची ती यासाठी.

२.३०
ड्रेसिंग रूम. फळ्यावर तीनच खुणा लिहितो: उसळता पास, मागे दिलेला पास, आपल्याच गोलकडे तोंड करून चेंडू घेणारा खेळाडू. यातलं एक दिसलं की सगळ्यांनी एकदम निघायचं.

तालमीचे अण्णा विचारतात, "एवढ्या उन्हात पोरं टिकतील का?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून पहिली पंधरा मिनिटं आणि हाफ टाइमनंतरची दहा मिनिटं वर जाऊन दाबायचं. बाकी वेळ हाफ लाइनपाशी एकमेकांना धरून राहायचं.

४.००
इथे संघ तालमींचे, त्यामुळे गॅलरीत अख्खी पेठ बसलेली. बाराव्या मिनिटाला त्यांच्या स्टॉपरचा पास राइट बॅककडे उसळत जातो. आमचा स्ट्रायकर सरळ न धावता वळसा घेतो, म्हणजे स्टॉपरकडे परतीचा पास बंद. डावा मिडफिल्डर अंगावर जातो. वरचा आमचा खेळाडू त्यांच्या होल्डिंगला चिकटलेला. राइट बॅकच्या पाठीशी टचलाइन. तो आत पास मारतो आणि सकाळचा आमचा पोरगा मध्ये पाय घालतो. दोन पास, गोल. चेंडू काढण्याची ती वेळ त्याने साधली, याचा आनंद मला गोलपेक्षा जास्त.

उजव्या मिडफिल्डरला मात्र गॅलरी सोडत नाही: "अरं, त्यो मोकळा हाय की!" पलीकडचा विंगर मोकळा आहे, हे खरंच. डायमंडमध्ये तो मुद्दाम सोडावा लागतो. सगळे चेंडूच्या बाजूला सरकल्याशिवाय चौघांत दहा मीटर राहत नाहीत.

५.१५
थकवा जाणवतो. स्ट्रायकर उशिरा पोचतो, स्टॉपर मान वर करून बघतो आणि चाळीस मीटरचा तिरका चेंडू त्याच मोकळ्या विंगरकडे जातो. क्रॉस, हेडर, १-१. मॅच तिथेच संपते.

७.३०
तालमीत चहा. राइट बॅक विचारतो, "सर, विंगरला चेंडू मिळायच्या आधीच मी वर गेलो असतो तर?"

"मारणाऱ्यावर आपला माणूस असता, तर नक्की. तो मोकळा असला आणि त्याची मान वर दिसली, की चौघांनी मागे सरायचं."

उद्या बॅकच्या चौघांना वेगळं घेणार आहे. स्टॉपरच्या जागी मीच उभा राहून कधी मान वर करीन, कधी खाली घालीन. त्यांनी तेवढं बघून पुढे यायचं की मागे जायचं, हे ओरडून सांगायचं.