अठरा तासांची सफर आणि व्यापाऱ्याचा हिशेब

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा केनेडी या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर आहे. मध्ये कोठेही न उतरता ही सफर पुरी करायला विमानाला अठरा ते एकोणीस तास लागतात. नोव्हेंबर २०२० मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा नियमित विमानसेवांत ती जगात सर्वांत लांबची ठरली. व्यापारी माणसाने मात्र विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. या तासांचा भाव काय?

लांबच्या सफरीत खरा खर्च इंधनाचा. हमालाच्या भाकरीचे ओझेही हमालाच्याच डोक्यावर असते, तसे शेवटच्या तासाचे इंधन विमानाला पहिल्या तासापासून वाहावे लागते. सिंगापूर एअरलाइन्सने २००४ मध्ये न्यूयॉर्कलगतच्या नेवार्कसाठी अशी सेवा चार इंजिनांच्या विमानाने सुरू केली होती. इंधनाचा खर्च परवडेना, म्हणून २०१३ मध्ये ती बंद झाली. २०१८ मध्ये दोन इंजिनांचे एअरबस ए-३५० आले आणि हिशेब जुळला. या विमानात १,६५,००० लिटर इंधन मावते, पण आसने अवघी १६१. त्यांत साधा, म्हणजे इकॉनॉमी वर्ग नाहीच! वजन कमी आणि भाडे जास्त, यावरच हा धंदा उभा आहे.

फ्रँकफर्टला थांबून जाणाऱ्या विमानाला हाच प्रवास करायला तेवीस-चोवीस तास लागतात, पण त्यात साधा वर्ग मिळतो. म्हणजे थेट जाणारा मुसाफिर पाच तास विकत घेतो. ते पाच तास आपल्या धंद्यात किती कमावून देतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या असतात, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या बारा तास मागे असते, हिवाळ्यात तेरा. समजा, उन्हाळ्यात सोमवारी दुपारी बाराला सिंगापूर सोडले, तर तुम्ही न्यूयॉर्कला सोमवारीच संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास उतराल. उलट, तेथून सोमवारी रात्री दहाला निघालात तर बुधवारची पहाट उजाडेल. ग्राहकाला भेटीचा वार देताना हा फरक विसरला तर सौदा हातचा जाऊ शकतो. नमाजच्या वेळांचाही प्रश्न येतो. तो निघण्यापूर्वीच आलिमांना विचारून घ्यावा.

अंतरावरून वेळही नेमकी सांगता येत नाही. वारा पाठीशी मिळावा म्हणून वैमानिक कधी लांबचा मार्गही धरतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. तेव्हा हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ होते तेथेच होते, वाट तेवढी बदलली.

कापड घेताना आपण मीटरचा भाव विचारतो, तसा पन्हाही विचारतो. पन्हा कमी असेल तर स्वस्त कापड महाग पडते. तिकिटाचेही तसेच आहे. भाड्याबरोबर घरापासून मुक्कामापर्यंतचे एकूण तास विचारावेत आणि मगच खिशात हात घालावा.